व्हिटबीचा काळा कडा : समुद्र चढला आणि तळ गुदमरला

वेंगुर्लेकरीण

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचते आहे, लिहिणं क्वचित. पण गेल्या रविवारी जे पाहून आले ते मनातून जाईना, म्हणून धागा काढते आहे. लांबलचक होईल, सवडीने वाचा.

मी लीड्सला राहते. इथून गाडीने दोनेक तासांवर यॉर्कशायरचा किनारा आहे. व्हिटबी हे तिथलं जुनं बंदर, आणि त्याच्या वायव्येला रन्सविक बे नावाचं छोटंसं आखात. ओहोटी लागली की कड्याच्या पायथ्याशी सपाट कातळ उघडा पडतो. वरवर पाहिलं तर नुसता काळपट दगड. पण या दगडात १८ कोटी ३० लाख वर्षांपूर्वी एक समुद्र कसा गुदमरला ते एकावर एक थरात लिहून ठेवलेलं आहे.

माझं बालपण वेंगुर्ल्याचं. ओहोटीला आजीबरोबर खाडीत तिसऱ्या काढायला जायचे. चिखलात पाय रुतला की खाली काहीतरी हलतंय हे तळव्याला कळायचं. चिखल जिवंत असतो, ही माझी तेव्हापासूनची समजूत. त्यामुळेच हा कडा मला एवढा लागला असावा. इथे चिखल मेलेला दिसतो.

सुरुवातीला करडा शेल, म्हणजे चिखल दाबून झालेला दगड, लागतो. फोडला तर वेडावाकडा फुटतो. भिंग लावलं की आत बारीक बिळांच्या खुणा, गाळ ढवळल्याच्या खुणा आणि तऱ्हेतऱ्हेचे शिंपले. मग वरच्या थरांकडे सरकत गेलं की दगडाचा नूर बदलतो. रंग तपकिरी-काळा होतो, आणि नखाने उचलावे असे पापुद्रे सुटू लागतात, पावसात भिजून वाळलेल्या वहीसारखे. ताजा तुकडा फोडून नाकाशी नेला तर रॉकेलसारखा वास येतो. याला इथे जेट रॉक म्हणतात. त्यात अर्धा तास भिंग घेऊन बसले. बीळ एकही सापडलं नाही.

पापुद्रे टिकले यात काय एवढं, असं मलाही आधी वाटलं होतं. गाळ थराथरानेच साचतो. पण तळात किडे, खेकडे, शिंपले नांदत असले की ते रोज तो गाळ उपसतात, उकरतात, गिळतात, आणि थर मोडून जातात. पापुद्रे जसेच्या तसे राहिले, कारण ते मोडणारं कोणी उरलंच नव्हतं.

झालं होतं काय? हा काळ ज्युरासिकच्या पूर्वार्धातला. त्यातल्या या टप्प्याला टोआर्सियन म्हणतात, फ्रान्समधल्या तुआर गावावरून. तेव्हा आफ्रिका, भारत, अंटार्क्टिका हे सगळं एका गोंडवनात जोडलेलं होतं, आणि त्याच्या दक्षिण भागात जमीन फाटून प्रचंड लाव्हा वर आला. त्याचा एक भाग आज दक्षिण आफ्रिकेत कारू म्हणून आहे, दुसरा अंटार्क्टिकात फेरार म्हणून. कार्बन डायऑक्साइड वाढला, हवा तापली. बेलेम्नाइट म्हणजे माकूळाचे जुने नातेवाईक. त्यांच्या कांडीसारख्या जीवाश्मांच्या रसायनावरून युरोपातल्या समुद्राचं पाणी सहा-सात अंशांनी तापल्याचा अंदाज निघतो. पाऊस वाढला, डोंगर झपाट्याने झिजले, नद्यांनी खतासारखी द्रव्यं समुद्रात आणून ओतली. त्याच सुमारास समुद्र चढला आणि युरोपातला सखल भाग उथळ पाण्याखाली गेला.

पुढची साखळी आपल्याला गावतळ्यावरून ओळखीची आहे. खत मिळालं की शेवाळ माजतं. ते मरून खाली बसतं, कुजतं, आणि कुजताना प्राणवायू खातं. गरम पाण्यात प्राणवायू मुळातच कमी विरघळतो. वर नद्यांच्या हलक्या गोड्या पाण्याचा थर, खाली जड खारं पाणी, दोन्ही मिसळेनात. तळ कोंडला. काही ठिकाणी तर सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड थेट उजेड पोचतो तिथपर्यंत वर आला होता. प्राणवायूशिवाय, पण उजेडात जगणाऱ्या हिरव्या गंधक-जिवाणूंच्या रंगद्रव्याचे अवशेष या काळ्या शेलमध्ये सापडतात, त्यावरून हे कळतं.

याच शेलचा भाऊ जर्मनीत होल्त्समाडेन गावी आहे. तिथे इक्थिओसॉर नावाचे मासोळीसारखे सरपटणारे प्राणी कातडीच्या बाह्यरेषेसकट मिळतात, पोटातल्या पिल्लांसकट मिळतात. खाली प्रेत खायला कोणी नव्हतं म्हणून ती टिकली. तिथल्या हाउफ संग्रहालयात एक ओंडका आहे. त्याला लटकलेल्या समुद्रकमळांची वसाहत १८ मीटर लांब पसरली आहे. समुद्रकमळं म्हणजे देठवाले, तारामाशांच्या कुळातले प्राणी. तळाला थारा नव्हता, म्हणून तरंगत्या लाकडाला उलटी लोंबकळून ती जगली, आणि लाकूड बुडालं तेव्हा सगळी एकदम गेली. मी तो ओंडका फक्त छायाचित्रात पाहिलाय. पण ते चित्र बघून मला पुरात झाडावर अडकलेल्या माणसांची आठवण होते.

ह्यू जेन्किन्स या भूशास्त्रज्ञांनी १९८८ मध्ये या घटनेवर सविस्तर मांडणी केली. तेव्हापासून यॉर्कशायरचा हा किनारा जगात सर्वांत बारकाईने अभ्यासलेल्या जागांपैकी एक आहे.

मी भूशास्त्राची नाही, औषधशास्त्राची आहे. चुकलं असेल तर जाणकारांनी दुरुस्त करावं.

ओहोटी

ताई, फार सुंदर लिहिलंय. पापुद्र्यांचं तर मी घरच्यांनाही वाचून दाखवलं.

एक प्रश्न. समुद्र चढला तर समुद्री जिवांना राहायला जागा वाढायला हवी. उथळ समुद्र म्हणजे कालवं, शिंपले, प्रवाळ यांची चंगळ. मग मेले कसे? आणि तेव्हा ध्रुवांवर बर्फ नव्हतं असं शाळेत शिकलोय. मग पाणी आलं कुठून?

वेंगुर्लेकरीण

ओहोटी, पहिला प्रश्न मलाही पडला होता. उथळ समुद्र चांगला कधी? लाटा तळापर्यंत ढवळतात तेव्हा. पाणी आणखी चढलं की तळ लाटांच्या पकडीतून सुटतो. वर वारं लागतं, खाली काही पोचत नाही. शिवाय तिथला समुद्र म्हणजे बेटांच्या मधल्या खोलगट वाट्या होत्या, मोकळ्या महासागराशी येजा कमी. आमच्या जुन्या घरामागे एक न उपसलेली विहीर होती. वरचं पाणी नितळ दिसायचं, पण तळातून बादली भरून वर काढली की वास यायचा. बुडालेली जमीन अशा विहिरींसारखी झाली.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर भूशास्त्रवाल्यांनी द्यावं.

दख्खनी दगड

मी पुण्यात भूशास्त्र शिकवतो. धागा उत्तम, साखळीही बरोबर मांडली आहे. थोडी भर घालतो.

पाणी कुठून आलं, यावर अजून एकमत नाही. तापलेलं पाणी फुगतं, तेवढ्याने काही मीटर मिळतात. टोआर्सियनच्या आधीच्या काळाच्या शेवटी एक थंड टप्पा होता, समुद्र ओसरला होता, याचे पुरावे बऱ्याच ठिकाणी आहेत. तेव्हा ध्रुवांकडे थोडंफार बर्फ साठलं असावं आणि मग ते वितळलं, असं एक गट मानतो. 'ज्युरासिकमध्ये बर्फ नव्हतंच' हे शाळेतलं वाक्य आता इतकं ठामपणे कोणी म्हणत नाही.

दुसरं, या घटनेचा सर्वांत मोठा पुरावा म्हणजे कार्बनची खूण. कार्बनचे दोन स्थिर समस्थानिक असतात, हलका १२ आणि जड १३. वनस्पती हलका जास्त उचलतात, म्हणून कोळसा, तेल, मिथेन यांत हलका कार्बन भरपूर. टोआर्सियनच्या थरांत हलक्या कार्बनचं प्रमाण अचानक वाढतं. स्टीफन हेसेल्बो आणि सहकाऱ्यांनी २००० साली दाखवलं की हीच उडी त्या काळच्या लाकडाच्या जीवाश्मांतही दिसते. लाकूड जमिनीवर वाढतं, हवेतला कार्बन घेतं. म्हणजे बिघाड एका आखातापुरता नव्हता, सगळं वातावरणच बदललं होतं. हा हलका कार्बन समुद्रतळाच्या गोठलेल्या मिथेनमधून आला असावा असं त्यांनी सुचवलं. नंतर कारूकडे बोट गेलं.

आपल्या सह्याद्रीवरून कारूची कल्पना करता येते. लेसोथोतल्या ड्रेकन्सबर्गचे फोटो पाहा, पायऱ्यापायऱ्यांचे बेसाल्टचे कडे, थेट माळशेज-नाणेघाटाची भावंडं. तिथली लाव्ह्याची जाडी सुमारे दीड किलोमीटर आहे. आपला दख्खन ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा, म्हणजे कितीतरी नंतरचा. पण कारूत घात झाला तो जमिनीवर वाहिलेल्या लाव्ह्यापेक्षा जमिनीच्या आत आडव्या घुसलेल्या लाव्ह्याने. त्या आडव्या पत्र्यांना सिल म्हणतात. ते सेंद्रिय शेल आणि कोळशाच्या थरांत शिरले आणि त्यांनी ते थर भाजून काढले. त्यातून निघालेला वायू जमीन फोडून बाहेर पडला. त्याच्या नळ्या आजही कारूच्या माळावर हजारोंनी दिसतात.

कोळशेवाला

दख्खनी दगड सरांनी कोळसा भाजल्याचं लिहिलं म्हणून मध्ये पडतो. मी चांद्याचा. खाणीत सर्व्हेला तीस वर्षं काढली, त्यातली काही झारखंडात झरियाच्या पट्ट्यात.

झरियात 'झामा' नावाची चीज मिळते. कोळशाच्या थरात खालून तापता दगड घुसला की दोन्ही अंगांचा कोळसा भाजून निघतो, त्याला झामा म्हणतात. हातात घेतला तर कोळशाची चमक गेलेली, राखाडी, खरखरीत. कधी कधी खडूच्या कांड्या एकमेकींना चिकटवून ठेवाव्यात तसे त्याचे बारीक खांब पडलेले असतात. चुलीत टाकला तर ज्योत धरत नाही. का, तर त्याच्यातला वायू आधीच उडून गेलाय. आम्हाला खाणीत त्याचा वैतागच, कारण नकाशावर चांगला दिसणारा थर अर्धा झामा निघायचा.

तो उडालेला वायू गेला कुठे, हा विचार नोकरीत कधी केला नाही. आज हा धागा वाचून केला. झरियातला घुसलेला दगड हाताच्या रुंदीपासून काही मीटरपर्यंतचा. कारूतले सिल केवढे असतात, सर?

आणि एक. आमचा वर्धा खोऱ्यातला कोळसा आणि दक्षिण आफ्रिकेतला कोळसा दोन्ही गोंडवनातले, एकाच पर्मियन काळचे. गोंडवन हे नावसुद्धा आमच्या गोंडांच्या मुलखावरून जगभर गेलं. तिकडचा भाजला, आमचा वाचला.

दख्खनी दगड

कोळशेवाला काका, झाम्याचं उदाहरण मी वर्गात वापरणार, परवानगी असू द्या. कारूतले मोठे सिल शंभर मीटरच्या वर जाड आहेत, आणि एकावर एक अनेक. आता तुमच्या झाम्याचा पट्टा मनात मोठा करून बघा.

जुनी वाचक

मी निवृत्त शिक्षिका, विज्ञानाची नाही, मराठीची. वाचून अंगावर काटा आला. मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. आमच्या देवघरात सासूबाईंचा शाळिग्राम आहे, त्यात चक्र आहे. ते चक्र म्हणजे अमोनाइट, जुन्या समुद्रातल्या गुंडाळलेल्या शंखाच्या प्राण्याचा जीवाश्म, असं नातवाने सांगितलं. व्हिटबीच्या त्या समुद्रातले प्राणी ते हेच का? आणि व्हिटबीचे लोक या दगडाचं काही करत होते का, की तो नुसताच कडा?

वेंगुर्लेकरीण

जुनी वाचक, तुम्ही विचारलंत ते बरं झालं. हे मला लिहायचंच होतं.

नातू बरोबर सांगतोय. शाळिग्राम नेपाळात काली गंडकीच्या पात्रात मिळतात. ते याच कुळातले, पण ज्युरासिकच्या उत्तरार्धातले, म्हणजे व्हिटबीच्या समुद्रानंतर कोट्यवधी वर्षांनी जगलेले.

आणि गंमत बघा, व्हिटबीलाही त्या चक्राभोवती देवाधर्माची गोष्ट आहे. इथे ६५७ साली मठ स्थापन झाला, त्याची प्रमुख साध्वी हिल्डा. तिने साप मारून त्यांचे दगड केले अशी दंतकथा आहे. सापांना तोंडं का नाहीत, याचं उत्तर म्हणून कारागीर अमोनाइटच्या टोकाला सापाचं डोकं कोरून विकायचे. गावाच्या मानचिन्हावर आजही तीन सर्पशिळा आहेत. इथल्या एका अमोनाइटचं शास्त्रीय नावही हिल्डोसेरस, साध्वीवरूनच. तो मिळतो जेट रॉकच्या वरच्या थरांत, म्हणजे संकट सरल्यानंतरचा. आपण चक्रात विष्णू पाहिला, त्यांनी मंतरलेला साप पाहिला. दगड उचलून कपाळाला लावावासा वाटणं दोन्हीकडे सारखंच.

आता दगडाचा उपयोग. याच कड्यातल्या वरच्या शेलपासून सतराव्या शतकाच्या सुरुवातीपासून १८७१ पर्यंत तुरटी काढायचे. हो, आपली दाढीनंतर फिरवायची तुरटी. तेव्हा ती कापडाचा रंग पक्का करायला आणि चामडं कमवायला लागायची. शेल खणून डोंगराएवढे ढीग रचायचे, खाली काटक्या पेटवायच्या. मग तो ढीग महिनोन्‌महिने आपोआप जळत राहायचा, कारण दगडातच इंधन भरलेलं. जळून लाल झालेला दगड पाण्यात भिजवायचा, पाणी आटवायचं, त्यात समुद्रशेवाळाची राख किंवा माणसांचं साठवलेलं मूत्र घालायचं. मूत्र बोटींनी भरून यायचं. पाणी पुरेसं घट्ट झालं का, हे बघायला त्यात कोंबडीचं अंडं सोडायचे. तरंगलं की झालं.

आणि जेट. जेट म्हणजे त्या काळच्या झाडांचं, आजच्या अरौकारियाच्या नातेवाइकांचं, समुद्रात बुडून काळं झालेलं लाकूड. हातात घेतलं तर दगड वाटतच नाही, हलकं आणि उबदार. नुसत्या भाजलेल्या मातीच्या खापरीवर घासलं की रेघ तपकिरी उठते. राणी व्हिक्टोरियाचा नवरा अल्बर्ट १८६१ मध्ये गेला, तिने सुतकात जेटचे दागिने घातले, आणि व्हिटबीत शेकडो कारागीर त्या कामाला लागले. विधवांचा दागिना म्हणून तो घराघरांत गेला. एका मेलेल्या समुद्राच्या तळातून निघालेलं लाकूड माणसांनी दुःखाची खूण म्हणून गळ्यात बांधलं. हा योगायोग मला दर वेळी हलवून जातो.

सरळसोट

माहिती छान आहे, पण एक स्पष्ट विचारतो. पृथ्वी तापली, समुद्र चढला, जीव मेले, आणि हे सगळं गाड्या-कारखान्यांशिवाय झालं. म्हणजे हवामान आपोआप बदलतंच. मग आज एवढा आरडाओरडा कशासाठी? मी वाद घालायला आलेलो नाही, खरंच समजून घ्यायचंय.

दख्खनी दगड

सरळसोट, प्रामाणिक प्रश्न आहे, प्रामाणिक उत्तर देतो.

आपोआप नाही बदललं. कारण घडलं, मग बदललं. जमिनीत पुरलेला हलका कार्बन हवेत गेला. तेव्हा तो लाव्ह्याने बाहेर काढला, आज आपण खणून काढतो. हवेला दोन्हींतला फरक कळत नाही. लाकडात तेव्हा जी हलक्या कार्बनची खूण उमटली, तशीच खूण आजच्या हवेत मोजली जाते.

आता वेग. दक्षिण इटलीतल्या खडकांतल्या युरेनियमच्या समस्थानिकांवर २०२४ मध्ये एक अभ्यास आला. समुद्रतळाचा प्राणवायूहीन भाग तेव्हा आजच्या २८ ते ३८ पट झाला होता, असं त्यातून निघालं. त्या घटनेत एकूण सुमारे २०,५०० अब्ज टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडला, तोही तीन ते पाच लाख वर्षांत, असा अंदाज त्यात धरला आहे. माणसाने १८५० ते २०१९ दरम्यान सोडलेला साधारण २,४०० अब्ज टन आहे. म्हणजे एक अष्टमांशाच्या आसपास, पावणेदोनशे वर्षांत.

सरळसोट

मी लगेच भागाकार केला. २०,५०० भागिले चार लाख, म्हणजे वर्षाला ०.०५ अब्ज टन. आज जीवाश्म इंधनातून वर्षाला ३७ अब्ज टनांच्या आसपास जातो असं वाचलं. सातशे पटींहून जास्त? आकडा चुकला का माझा?

दख्खनी दगड

भागाकार बरोबर आहे, पण सरासरीवर एवढा भार टाकू नका. वायू एकसारखा गळत नव्हता. उसळ्या येत होत्या, मधे शांतता होती. यॉर्कशायरच्याच थरांत कार्बनची खूण पायरीपायरीने खाली उतरते. २००५ मध्ये डेव्हिड केम्प आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की या पायऱ्या पृथ्वीच्या कक्षेतल्या फेरबदलांच्या तालावर पडतात. एकेका पायरीपुरता वेग सरासरीहून बराच जास्त असणार. थर तेवढे बारीक वाचता येत नाहीत, म्हणून मी वर्गात 'आज त्याहून बराच वेगवान' एवढंच म्हणतो. तेवढंही मला झोप उडवायला पुरतं.

आणखी एका वादाची नोंद करतो. क्लीव्हलँड खोरं, म्हणजे यॉर्कशायरचं ते आखात, बंदिस्त होतं. त्यामुळे तिथला गुदमर स्थानिक होता, सगळ्या जगावर लादू नका, असं काही संशोधक म्हणत आले. आक्षेप योग्यच होता. पण नंतर अर्जेंटिनातलं न्यूकेन, कॅनडातलं हायडा ग्वाई, जपान अशा दूरदूरच्या जागी तीच कार्बनची खूण मिळाली. दक्षिण तिबेटातही. तो भाग तेव्हा भारतीय भूखंडाच्या उत्तर काठावरचा उथळ, ऊबदार समुद्र होता. तिथे चुनखडीचा विस्तीर्ण ओटा होता, तो या काळात बुडाला. इटली, मोरोक्को, ओमान ते तिबेटपर्यंतच्या अशा ओट्यांवर लिथिओटिस जातकुळीचे हातभर लांबीचे शिंपले प्रवाळासारखे बांध (रिफ) बांधत होते. तेही संपले.

मांडवीकाठ

मी पणजीचा. तरुणपणी एका संशोधन प्रकल्पात मदतनीस होतो. पावसाळा सरता सरता छोट्या बोटीने कांदोळीसमोर पाण्याचे नमुने घ्यायला जायचो. तेवढंच सांगतो, बाकी तुम्ही जाणकार आहात.

नमुना घ्यायची नळकांड्यासारखी बाटली दोरीने खाली सोडायची, ठरलेल्या खोलीवर ती मिटवायची आणि वर ओढायची. मग त्यातलं पाणी हवेचा बुडबुडा न शिरू देता काचेच्या छोट्या बाटलीत घ्यायचं. त्यात आधी मँगनीज सल्फेट, मग आयोडाइडचं अल्कधर्मी द्रावण. प्राणवायू असेल तर तपकिरी साका बसतो, जितका जास्त तितका गडद. वरच्या पाण्याची बाटली चहासारखी व्हायची. सप्टेंबर-ऑक्टोबरात तळाच्या पाण्याची बाटली दुधासारखी पांढरी राहायची. पांढरी म्हणजे प्राणवायू जवळपास शून्य. एकदा बाटलीचं बूच काढलं आणि सडक्या अंड्याचा वास आला, तेव्हा बोटीवर कोणी बोललं नाही. खोली किती होती? पंचवीस-तीस मीटर. किनाऱ्यावरची हॉटेलं तिथून दिसत होती.

कारण ताईंनी लिहिलेलंच. पावसाचं गोडं पाणी वर झाकणासारखं, आणि खालून अरबी समुद्राचं कमी प्राणवायूचं पाणी किनाऱ्याकडे चढून येतं. तळाचे मासे, कोळंबी तेव्हा उथळाकडे सरकतात. नोव्हेंबर-डिसेंबरात पाणी पुन्हा ढवळतं आणि तळ श्वास घेतो. हे दर वर्षीचं आहे, निसर्गाचंच आहे. पण राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या नक्वी आणि सहकाऱ्यांनी २००० साली मांडलं की आपल्या पश्चिम किनाऱ्यावरचा हा गुदमर आधीपेक्षा तीव्र झाला आहे. आज ताईंचे पापुद्रे वाचताना ती पांढरी बाटली डोळ्यांपुढे आली. आपल्याकडे तळ दोन-तीन महिने कोंडतो. तिथे तो किती काळ कोंडलेला होता?

वेंगुर्लेकरीण

मांडवीकाठ, तुमचा प्रतिसाद मी तीनदा वाचला. वेंगुर्ल्यात गणपतीनंतर कधी कधी किनाऱ्याजवळच मासळी फार मिळायची, आजी म्हणायची 'दर्या आत बरा नाय'. तिला काय दिसत होतं ते आज कळलं.

तिथे लाखो वर्षं. सलग नाही, मधे मधे पाणी ढवळलं जायचं, आणि तेही दगडात दिसतं. जेट रॉकमध्येही काही पापुद्र्यांवर शिंपल्यांचा सडा पडलेला असतो, पण सगळे एकाच जातीचे, स्यूडोमायटिलॉइड्सचे. थोडा प्राणवायू आला की हे झुंडीने यायचे, संपला की मरायचे. आधीच्या करड्या थरात एका ओंजळीत जी विविधता मिळते ती इथे हात पसरूनही नाही. पाण्यात वर पोहणारे त्या मानाने बरेच तगले. मार सर्वांत जास्त बसला तो तळाशी बसून राहणाऱ्यांना.

ओहोटी

ताई, परत कधी भरला तो तळ? आणि मे महिन्यात बहिणीकडे न्यूकॅसलला येतोय. रन्सविक बे बघता येईल का? मुलगी दहा वर्षांची आहे.

वेंगुर्लेकरीण

जरूर या. आधी सुरक्षिततेचं सांगते. भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघूनच निघा. ओहोटी पूर्ण लागायच्या तासभर आधी खाली उतरा आणि पाणी वळायला लागलं की मागे फिरा. पुढे केटलनेसच्या बाजूला गेलात तर कड्याला चिकटून पाणी चढतं आणि वाट बंद होते. कड्याच्या अगदी खाली उभं राहायचं नाही, दगड सुटतात. कड्यावर हातोडाही मारायचा नाही. सुटं पडलेलं उचललं तर चालतं, आणि तेवढ्यातच मुलीचे खिसे भरतील. काळ्या शेलमधले गोल धोंडे दिसतील, त्यांना इथले लोक तोफगोळे म्हणतात. त्यांच्यावर बसून डबा खा.

तळ भरायला फार वेळ लागला. यॉर्कशायरच्याच जीवाश्मांवरून त्या समुद्रातली अन्नसाखळी संगणकावर उभी करून पाहिलेलं एक संशोधन आहे. आधीसारखी गुंतागुंत परत यायला सत्तर लाख वर्षांच्या आसपास गेली, असं त्यात आलं.

पण पहिला परतणारा तुम्हाला दाखवता येईल. त्यासाठी व्हिटबीच्या पुढे सॉल्टविक बेला या, तिथे जेट रॉकच्या वरचा, तुरटीवाला शेल आहे. तो पापुद्र्यांनी सुटत नाही, पुन्हा वेडावाकडा फुटतो. त्यात अंगठ्याच्या नखाएवढा, एका टोकाला निमुळता, जाडसर शिंपला मिळतो, डॅक्रिओमाया ओव्हम. तो चिखलात रुतून, चिखलातलंच खाऊन जगायचा. म्हणजे चिखलात पुन्हा खाण्यासारखं आणि श्वास घेण्यासारखं काही होतं. मला रविवारी दोन सापडले. एक तुमच्या मुलीसाठी ठेवते आहे, निघण्याआधी निरोप टाका.